बॅग अडवण्याआधी: खानदेशातल्या लॉजमालकांना खुले पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतले समस्त लॉज, हॉटेल व खानावळ चालक-मालक

विषय: बिल थकवणाऱ्या गिऱ्हाइकाचे सामान अडवून ठेवण्याबाबत

मालक मंडळी, सप्रेम नमस्कार.

बिल दिल्याशिवाय सामान सोडायचं नाही, हा आपल्याकडच्या लॉजधंद्याचा नियम कुठे लिहिलेला नाही, पण भुसावळ स्टेशनबाहेरच्या मॅनेजरपासून शहाद्याच्या बसस्टँडसमोरच्या पोऱ्यापर्यंत सगळ्यांना तो पाठ आहे. मी धुळ्यात वकिली करतो. माझ्याकडे पैसे बुडालेले मालक येतात, तसे बॅग अडकलेले प्रवासीही येतात. मालक जास्त. प्रवासी उद्या आपल्या गावी निघून जाणार, त्याला पत्र लिहून काय उपयोग? तुम्ही इथेच राहणार आहात, म्हणून तुम्हाला लिहितोय.

बिल थकलं एवढ्याने गिऱ्हाइकाच्या सामानावर तुमचा हक्क लागत नाही. तो हवा असेल तर गिऱ्हाइकाच्या राजीखुशीने, लिहून घ्यावा लागतो. आणि लिहून घेतला तरी त्यात काय येतं आणि काय येत नाही, हे माहीत असावं लागतं. बाकी सगळं पत्र या तीन वाक्यांचं स्पष्टीकरण आहे. घाईत असाल तर इथेच थांबलात तरी चालेल.

आता कायदा. पैसे येणे असताना दुसऱ्याची वस्तू धरून ठेवण्याचा हक्क कुणाला, ते १८७२ च्या भारतीय करार कायद्यात दिलं आहे. कलम १७० मध्ये येतो तो कारागीर. शिंप्याने कापड शिवलं, जळगावच्या सराफाने हिऱ्याला पैलू पाडले, तर मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू त्याने ठेवून घ्यावी, कारण त्याची मेहनत त्या वस्तूवर झालेली असते. तुम्ही खोली दिलीत, पंखा दिलात, गरम पाणी दिलंत; पण गिऱ्हाइकाच्या बॅगेवर तुमची काही मेहनत झालेली नाही. पुढचं कलम १७१. त्यात एकूण येणे रकमेसाठी माल अडवण्याचा हक्क कुणाकुणाला, याची यादीच आहे: बँका, अडते, बंदरातले धक्केवाले, हायकोर्टातले अटर्नी आणि विमा पॉलिसीचे दलाल. लॉजवाला नाही, खानावळवाला नाही. या यादीबाहेरच्या कुणालाही असा हक्क हवा असेल तर तसा स्पष्ट करार हवा, असं तेच कलम सांगतं.

यादीत वकिलांनी आपलं नाव बरोबर घालून घेतलं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पण २००० साली सर्वोच्च न्यायालयाने आम्हाला सांगितलं की फी थकली म्हणून अशिलाची फाईल अडवता येणार नाही. फी हवी तर दावा लावा. तेव्हा आमच्या बिरादरीतही बरीच कुरकुर झाली. त्यामुळे तुमची कुरकुर मला कळते.

थोडं वाचन असलेले मालक मला इंग्लंडचा दाखला देतात. "साहेब, हे तर इंग्रजांच्या काळापासून आहे." अगदी खरं. इंग्लंडच्या प्रथेच्या कायद्यात सराईवाल्याला प्रवाशाचं सामान बिलासाठी धरून ठेवता येतं, आणि ते फार जुनं आहे. पण हा हक्क त्याला फुकट मिळाला नव्हता. दाराशी आलेला प्रवासी, जागा असेल आणि तो पैसे द्यायला तयार असेल तर, सराईवाल्याला नाकारता येत नसे. अनोळखी असो, रात्री-अपरात्री आलेला असो, घ्यावाच लागे. आणि आत घेतल्यावर त्याचं सामान चोरीला गेलं तर सराईवाल्याची चूक असो-नसो, भरपाई त्याच्या गळ्यात. ज्याला माणूस नाकारता येत नाही आणि ज्याला त्याच्या सामानाची जोखीम घ्यावीच लागते, त्याला ते सामान धरून ठेवण्याचा हक्क मिळाला. देणं होतं म्हणून घेणं होतं.

आता आपल्या काउंटरमागची भिंत बघा. पहिली पाटी: ‘प्रवेशाचा हक्क राखीव’. दुसरी: ‘सामानाची काळजी स्वतः घ्यावी, हरवल्यास मालक जबाबदार नाही’. पुष्कळ ठिकाणी तिसरीही असते: ‘स्थानिक व्यक्तींना रूम मिळणार नाही’. म्हणजे घ्यायचा की नाही ते आम्ही ठरवणार, सामान गेलं तर आमचा संबंध नाही, पण बिल थकलं की तेच सामान आमचं! इंग्लंडच्या सराईवाल्याचा हक्क तुम्हाला हवाय आणि त्याचं ओझं नको. कोर्टात असा युक्तिवाद करायला मला तरी तोंड नाही.

बरं, ती दुसरी पाटीही वाटते तेवढी भक्कम नाही. दिल्लीच्या एका पंचतारांकित हॉटेलात १९९८ च्या ऑगस्टमध्ये एका पाहुण्याने मोटारीची किल्ली दारातल्या माणसाकडे दिली आणि तो आत गेला. परत येईपर्यंत मोटार दुसराच कोणी घेऊन गेला होता. पार्किंगच्या चिठ्ठीवर ‘गाडीमालकाच्या जोखमीवर’ असं छापलेलं होतं. हॉटेलने तेच पुढे केलं. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये सांगितलं की किल्ली ताब्यात घेतल्यावर गाडी सांभाळणं हॉटेलचं काम. स्वतःच्या हलगर्जीपणातून असल्या छापील अटीने सुटता येत नाही. तेव्हा ‘मालक जबाबदार नाही’ असं रंगवून घेण्यात पेंटरचा फायदा झाला, तुमचा किती झाला ते बघा.

इंग्लंडचाच दाखला द्यायचा तर पूर्ण द्या. १८३८ चा एक खटला आहे. पाहुण्याने बिल दिलं नाही म्हणून सराईवाल्याने त्याला अडवलं आणि अंगातला कोट काढून घेतला. कोर्ट म्हणालं, सामान ठेवून घे, पण माणसाला हात लावायचा नाही, अंगावरचे कपडे काढायचे नाहीत. १८७८ साली दुसऱ्या एका सराईवाल्याने बिलापायी धरून ठेवलेले घोडे विकून टाकले, आणि तोच कोर्टात हरला, कारण हक्क धरून ठेवण्याचा होता, विकण्याचा नव्हता. त्याच वर्षी तिथल्या संसदेने कायदा केला: सामान किमान सहा आठवडे ठेवा, विक्रीच्या किमान एक महिना आधी लंडनच्या एका आणि त्या भागातल्या एका वर्तमानपत्रात जाहिरात द्या, मग लिलाव करा, आणि बिल फिटून उरलेले पैसे पाहुण्याला परत द्या. आपल्याकडे ‘सामान विकून वसूल करू’ म्हणणाऱ्यांनी यातलं एक तरी पाऊल कधी उचललंय का? बहुतेक ठिकाणी मोबाईल मॅनेजरच्या मेहुण्याकडे जातो आणि विषय संपतो.

आपल्याकडे सरायांची परंपरा कमी जुनी नाही. जुन्या खानदेशाची राजधानी बऱ्हाणपूर, तिथली अकबरी सराई आजही बघायला मिळते. इंग्रजांनी १८६७ साली सराईंसाठी वेगळा कायदा केला. त्यात सराईवाल्याने काय करायचं ते मोजून दिलं: खोल्या, आवार, गटारं, विहिरी साफ ठेवायच्या, प्रवासी आणि त्यांच्या जनावरांच्या रक्षणाला पहारेकरी ठेवायचे, दरांचा तक्ता लावायचा. बिलापायी सामान अडवायच्या हक्काचं त्यात नाव नाही.

आता मला खटकतं ते सांगतो, थोडं स्पष्ट बोलतो.

सामान कुणाचं अडतं? निवडणुकीत आठ-आठ दिवस खोल्या अडवून बसणाऱ्या कार्यकर्त्यांचं अडत नाही. "साहेबांचा माणूस आहे, नंतर बघू" म्हणून त्यांची उधारी वहीत वर्षानुवर्षं चालते. लग्नाच्या वऱ्हाडाने बारा खोल्या वापरून अर्धेच पैसे टेकवले, तरी वरमायेची पेटी अडवायची कुणाची छाती नाही. अडते ती दवाखान्यात आलेल्या माणसाची पिशवी, सावदा-रावेरला केळी भरायला आलेल्या परप्रांतीय ड्रायव्हरचं लायसन, परीक्षेला आलेल्या पोराची मार्कशीट, फिरत्या विक्रेत्याची सॅम्पलची बॅग.

धुळ्यातल्याच एका लॉजवर एका पेशंटच्या नातेवाइकाबरोबर मी स्वतः गेलो होतो. जिन्याखाली तपकिरी रेक्झिनची बॅग, तिच्यावर खाकी चिकटपट्टी, पट्टीवर पेनाने ‘२०४, बाकी १,८००’. मॅनेजर बिचारा पगारी माणूस. तो आधी मराठीत साहेब-साहेब करत होता, मग नातेवाइकाकडे वळून अहिराणीत आला: "पैसा दी टाक, मंग लई जाय तुनी बॅग." बॅग उघडून दाखवा म्हटलं. आत शर्ट-पँट, एक्स-रेचं मोठं पिवळं पाकीट, तपासण्यांचे कागद, आणि स्टीलच्या डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या इन्सुलिनच्या बाटल्या. फडकं वाळून कडक झालं होतं. पेशंट समोरच्या इमारतीत ॲडमिट आणि त्याचं औषध अठराशे रुपयांसाठी जिन्याखाली. मॅनेजरने स्वतःहून डबा काढून दिला, बॅग मात्र ठेवून घेतली. "मालकले काय सांगू?" एवढंच म्हणाला. त्याचंही खरं होतं.

कोर्टाचा बेलीफ जप्तीला गेला तरी काय उचलू शकत नाही, हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये आहे. देणेकऱ्याचे आणि त्याच्या बायकापोरांचे लागणारे कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, धर्माच्या रीतीप्रमाणे बाईला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने (म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र), कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं. हुकूमनामा हातात असलेल्या कोर्टाला जे उचलता येत नाही ते तुमचा पोऱ्या उचलतो, तेही कुठल्या कागदाशिवाय.

आणखी एक बारकावा. धरून ठेवण्याचा हक्क असला तरी तो आधीच कायदेशीरपणे तुमच्या ताब्यात असलेल्या वस्तूपुरता. खोलीतली बॅग गिऱ्हाइकाच्या ताब्यात असते. तो जेवायला खाली गेला असताना मास्टर किल्लीने दार उघडून बॅग काउंटरमागे आणून ठेवली, तर ते धरून ठेवणं नव्हे, उचलणं झालं. चोरीच्या कायद्यात, पूर्वीच्या दंड संहितेत आणि आता भारतीय न्याय संहितेतही, घड्याळजीचं उदाहरण दिलेलं आहे. दुरुस्तीच्या पैशासाठी घड्याळजीने घड्याळ कायदेशीरपणे ठेवून घेतलं असेल आणि मालकाने ते त्याला पैसे मिळू नयेत म्हणून काढून नेलं, तर स्वतःचंच घड्याळ नेऊनही मालक चोर ठरतो. पण घड्याळजीचा हक्कच नसेल तर मालक चोर ठरत नाही. म्हणजे तुमचा हक्क पक्का असेल तर बॅग घेऊन पळणारा फसतो. पक्का नसेल तर फिर्याद तुमच्यावर येऊ शकते. इतक्या महत्त्वाच्या गोष्टीसाठी तुमच्याकडे लेखी काय आहे? बहुतेकांकडे काहीच नाही.

माणसालाच अडवणं, खोलीला बाहेरून कडी घालणं, "पैसे येईपर्यंत इथेच बस" म्हणून खुर्चीवर बसवून ठेवणं, याबद्दल जास्त बोलत नाही. न्याय संहितेचं कलम १२७: एक वर्षापर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अठराशेच्या बिलासाठी हा सौदा करू नका.

अजिंठ्याला जाणारे परदेशी पाहुणे जळगावात उतरतात, म्हणून पासपोर्टचंही सांगून ठेवतो. पासपोर्ट त्या माणसाच्याही मालकीचा नसतो, तो त्याच्या सरकारचा असतो. आपल्या भारतीय पासपोर्टबद्दल तर सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली पोलिसांनाही सांगितलं की तो अडकवून ठेवण्याचा अधिकार फक्त पासपोर्ट अधिकाऱ्यांचा. तिथे तुमच्या गल्ल्याची काय कथा? पाहून, झेरॉक्स काढून, लगेच हातात परत. मूळ आधार कार्डं रबरबँड लावून ड्रॉवरमध्ये ठेवणाऱ्यांनीही हेच करावं.

"मग वकीलसाहेब, आम्ही काय धर्मशाळा काढायची?" असं दोंडाईच्याच्या एका मालकांनी मला तोंडावर विचारलं. रास्त प्रश्न आहे. पहाटे चारच्या गाडीला गुपचूप निघून जाणारे, खोटा पत्ता देणारे, तीन दिवस शेवभाजी आणि भरीत-पुरी हाणून चौथ्या दिवशी "जेवण बरोबर नव्हतं" म्हणणारे नग मला माहीत आहेत. लहान लॉजवाल्याचं महिन्याचं लाईट बिल अशा दोन बुडव्यांत जातं.

पहिला उपाय कंटाळवाणा आहे आणि तोच खरा आहे: रोजचं भाडं रोज, आगाऊ. आता प्रत्येकाच्या खिशात यूपीआय आहे; सकाळी चहाबरोबर मागा. मी पाहिलेली बहुतेक थकबाकी पाच-सहा दिवस साठू दिलेली होती, आणि ती साठू दिली ती भिडेपोटी.

दुसरा, लेखी तारण. ज्याच्याकडे खरंच आज पैसे नाहीत तो बऱ्याचदा स्वतःच म्हणतो, घड्याळ ठेवा, अंगठी ठेवा, मी सोमवारी येतो. हे चालतं, फक्त कागद करा. रजिस्टरच्या कोऱ्या पानावरही होईल:

‘मुक्काम व जेवणाचे बिल रु. ____ माझ्याकडे बाकी आहे. त्यापोटी मी माझ्या मालकीची पुढील वस्तू स्वखुशीने तारण ठेवत आहे: ____. दि. ____ पर्यंत बिल भरून वस्तू परत नेईन.’ खाली सही, मोबाईल नंबर, एक साक्षीदार; आणि त्याचीच प्रत गिऱ्हाइकाच्या हातात.

असं केलंत की तुम्ही करार कायद्याच्या कलम १७६ खाली आलात. मुदत उलटली तर वस्तू ठेवून दावा लावता येतो, किंवा वाजवी मुदतीची नोटीस देऊन विकता येते. जास्त पैसे आले तर वरचे त्याला परत, कमी आले तर उरलेले त्याच्याकडून येणे. ‘माझ्या मालकीची’ हे शब्द गाळू नका. इंग्लंडमध्ये १८९५ साली शिलाई यंत्रं विकणाऱ्या फिरत्या विक्रेत्याच्या बिलापोटी त्याच्या कंपनीची यंत्रं सराईवाल्याने अडवली आणि कोर्टाने ते चालवून घेतलं. पण तो त्यांच्या प्रथेचा हक्क होता. तुमच्या हातात आहे तो तारणाचा करार, आणि पगारी विक्रेत्याला कंपनीचा माल गहाण टाकता येत नाही. मिरचीचं बियाणं विकणाऱ्याची सॅम्पलची बॅग म्हणून सोडून द्या. औषधं, कागदपत्रं, ओळखपत्रं, पोराबाळांचे कपडे आणि कारागिराची हत्यारं तारणात घेऊच नका, गिऱ्हाईक देत असलं तरी.

खोली देतानाच्या छापील फॉर्मवर अशी अट टाकावी का, असं विचारतात. टाका, पण मराठी-हिंदीत, वाचता येईल अशा अक्षरात, आणि वेगळी सही घेऊन. मात्र फॉर्मच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरातल्या एका ओळीवर सगळा डोलारा उभा करू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एकतर्फी, अन्यायकारक करारांविरुद्ध दाद मागता येते.

तिसरा, वसुली. मुदत कायद्यात जेवणाखाणाच्या आणि खोलीभाड्याच्या येण्यासाठी तीन वर्षं दिली आहेत, घाई करून हातघाईवर यायचं कारण नाही. आधी साधी नोटीस. मग तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज द्या, राष्ट्रीय लोक अदालतीत ते ठेवलं जातं. बँका आणि फोन कंपन्या हे करतात, तुम्ही का करत नाही हे मला आजवर कळलेलं नाही. समोरचा आला तर बहुतेक वेळा हप्ते ठरतात. पोलिसांकडे फसवणुकीची तक्रार करायची तर सुरुवातीपासूनच बुडवायचा इरादा होता हे दिसलं पाहिजे: खोटं नाव, खोटा पत्ता, दुसरीकडेही हाच प्रकार. नाहीतर ठाणे अंमलदार ‘दिवाणी बाब आहे’ म्हणून परत पाठवतील, आणि तेव्हा ते बरोबर असतील.

राहता राहिली ती टाकून गेलेली बॅग. गिऱ्हाईक पळालं, बॅग खोलीत राहिली. ती दोन साक्षीदारांसमोर उघडा, यादी करा, फोटो काढा, दिलेल्या पत्त्यावर आणि नंबरवर कळवा, आणि पोलीस ठाण्यात लेखी खबर द्या. सापडलेली वस्तू विकण्याची तरतूद करार कायद्यात आहे, पण ती मालक शोधायला आणि वस्तू सांभाळायला आलेल्या खर्चापुरती, आणि तीही वस्तू नासत असेल किंवा तो खर्च तिच्या किमतीच्या दोन तृतीयांशापर्यंत गेला असेल तर. खोलीभाडं त्यात धरता येत नाही.

तारणाच्या पावतीचा पक्का मसुदा माझ्याकडे मराठी आणि हिंदीत तयार आहे. ज्यांना हवा त्यांनी कोर्टाच्या आवारात बाररूमला येऊन न्यावा. फी नाही. चहा तुमचा.

आपला,
धुळ्यातला एक वकील

ता.क. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरेल. दूरदूरच्या राज्यांतले घोड्यांचे व्यापारी तापीकाठी उतरतील, आणि खोल्यांचे भाव वाढले की बिलाची भांडणंही वाढतील. "घोडाच बांधून ठेवला तर?" असं एका मालकांनी मला फोनवर विचारलंय. ठेवू नका. खुद्द इंग्लंडने १९५६ च्या कायद्याने हॉटेलवाल्यांचा गाड्या आणि जनावरांवरचा हा हक्क काढून टाकला. आणि घोडा तुमच्या दावणीला आला की त्याचा चारापाणीही तुमच्याकडे. उपाशी ठेवलात तर १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा लागतो. यात्रेत खोली देताना भाडं आगाऊच घ्या.